स्वतः नैराश्यातून गेलेल्याने दुसऱ्यांचं वेलनेस कोच व्हावं का? (नाशिक, स्वानुभव)

गोदाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेले की मी वेलनेस कोच म्हणून काम करते आणि त्याआधी स्वतः नैराश्याची पेशंट होते. त्यावर विपूत (वैयक्तिक निरोपांत) बरीच विचारणा झाली. काहींना कोर्सची माहिती हवी होती. एकांनी मात्र सरळ विचारलं, "ज्याचं स्वतःचंच मन ठिकाणावर नव्हतं, त्याने दुसऱ्याला काय शहाणपण शिकवायचं?" वाचून वाईट वाटलं. पण प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःलाही विचारत आले आहे, म्हणून हा धागा.

आधी माझं सांगते. २०१७ साल. अंबडच्या एका कारखान्यात परचेसमध्ये अकरा वर्षं झाली होती. फेब्रुवारीत वडील गेले. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर. सगळे म्हणाले, किती खंबीर आहे. मलाही तसंच वाटलं. जूनपासून पहाटे तीनला झोप मोडायला लागली. जेवण उतरेना. मुलीच्या वह्यांना कव्हरं घालायची होती, ती पंधरा दिवस तशीच पडून राहिली.

जुलैत एके सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढता येईना. हात धड होते. पण हेल्मेट काढलं की कुणीतरी गुड मॉर्निंग म्हणणार आणि मला उत्तर द्यावं लागणार, तेवढं बळ नव्हतं. काच खाली ओढून चाळीस मिनिटं तशीच बसून राहिले. माझ्याच श्वासाने काच धुरकट व्हायची, निवळायची, परत धुरकट. शेवटी वॉचमनकाका आले. त्यांनी काय झालं, का झालं, काहीच विचारलं नाही. म्हणाले, "ताई, घरी फोन लावू का? नंबर सांगा." मी नवऱ्याचा नंबर सांगितला. त्या दिवसातला तेवढा एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर मला देता आलं.

फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगितलं. बी-१२ फार कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. पण त्यांनी तेवढ्यावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी, भूक कशी. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल. सत्तावीसपैकी माझे एकोणीस आले. आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्कांसाठी धडपडायचं होतं. गोळी सुरू झाली. पहिले दहा दिवस नुसती मळमळ, मी सोडायच्याच बेतात होते. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी पाच वाजता जाग आली. तीनला नाही, पाचला. त्या दोन तासांचा आनंद कुणाला सांगू असं झालं होतं. जोडीला समुपदेशन झालं, आठ महिने.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे मी या कामात आले. आमच्या इमारतीतल्या एक काकू रोज गोल्फ क्लब मैदानावर फिरायला जायच्या. कोणीतरी त्यांना माझं सांगितलं असावं. रोज पावणेसहाला त्यांचा मिस्ड कॉल यायचा, की खाली ये. मी गेले नाही तर रुसवा नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिस्ड कॉल. सतरा दिवस मी गेले नाही. अठराव्या दिवशी चपला घातल्या. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली, मग कट्ट्यावर बसलो. काकू म्हणाल्या, "उद्या याच कट्ट्यापर्यंत." पाऊण फेरी म्हणाल्या असत्या तर मी परत गेले नसते.

डॉक्टरांनी निदान केलं, गोळ्यांनी झोप दिली, समुपदेशकांनी विचारांची गाठ सोडवली. पण दोन भेटींच्या मधले जे तेरा-चौदा दिवस असतात ना, घरी, एकट्याने काढायचे, ते काकूंनी काढून दिले. पुढे बरी झाल्यावर ऑफिसातल्या बायका पॅन्ट्रीत हळूच विचारायला लागल्या, "तुला झोप लागत नव्हती तेव्हा काय केलंस गं?" तेव्हा लक्षात आलं की ते मधले दिवस सगळ्यांचेच रिकामे आहेत. २०१९ मध्ये समुपदेशनाची एक वर्षाची पदविका केली, नंतर आरोग्य कोचिंगचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. त्यात आपलीच सेशन्स रेकॉर्ड करून गुरूंना ऐकवावी लागायची. एकदा त्यांनी टेप थांबवून विचारलं, "या चाळीस मिनिटांत तुम्ही किती बोललात आणि समोरची व्यक्ती किती?" मी सत्तावीस मिनिटं बोलले होते.

आता चूक सांगते. ती लपवली तर धाग्याला अर्थ नाही. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काम सुरू केलं त्याच वर्षी एक तरुण मुलगी आली. उदास, अंथरुणातून उठवत नाही, डॉक्टरांची गोळी चालू. मी तिच्यात मलाच बघितलं. माझी सगळी कहाणी तिला सांगितली. दोन महिन्यांत तिच्यात जो बदल झाला तो बघून मी हरखून गेले. चारला उठते, तीन तास झोप पुरते, तरी थकवा नाही, दोन व्यवसायांची आखणी चाललीय, बोलायला लागली की थांबत नाही. मी माझ्या वहीत "उत्तम प्रगती" असं लिहिलं. ती वही अजून आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या भावाचा फोन आला. तिने मोठं कर्ज काढलं होतं, घरात कुणाला जुमानत नव्हती, आणि तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं होतं. तो उन्माद होता. तिचा आजार द्विध्रुवी (बायपोलर) होता, म्हणजे कधी नैराश्य, कधी असा अतिउत्साह, आणि मी त्याला टाळ्या वाजवत बसले होते.

मुलगी आज बरी आहे, नोकरी करते. पण तिचा आजार ओळखायला जे दोन आठवडे उशीर झाला, त्यात माझा वाटा आहे. मला एकच प्रकारचं आजारपण ठाऊक होतं, माझं स्वतःचं, आणि मी सगळ्यांना त्याच मापात बसवत होते. त्यानंतर मी दर महिन्याला एका अनुभवी मानसशास्त्रज्ञांसमोर माझी कामं मांडते, पैसे देऊन. झोप कमी होऊनही माणूस ताजातवाना दिसला की त्याच दिवशी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलणं होतं. आणि माझी कहाणी कुणी विचारली तरच सांगते, दोन वाक्यांत.

तर तुमचं मत हवंय. यातून गेलेल्या माणसाने हे काम करावं का? केलं तर कुठवर?

सिडकोची_पोर | २१ सप्टेंबर, रात्री ११:२५

ताई, हेल्मेटचं वाचून रडले. माझं हेल्मेट म्हणजे बाथरूम. आत्ता एवढंच लिहिते.

स्पष्टवक्ता | २२ सप्टेंबर, सकाळी ८:१०

लेख प्रामाणिक आहे, मान्य. पण एक विचारतो, राग नसावा. काकूंनी तुम्हाला फुकट उठवलं. तुम्ही त्याच कामाचे पैसे घेता. दुःखाचा धंदा होतोय असं नाही वाटत?

क्लिनिकल | २२ सप्टेंबर, सकाळी ९:५०

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, पुण्यात. गोदाकाठ, तुमची वही अजून जपून ठेवलीत हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाढला. आमच्याकडे शिकाऊ मंडळीही उन्मादाची सुरुवात सुधारणा समजतात. त्यात नुसती नैराश्याची गोळी चालू असेल तर कधी कधी ती उन्मादाकडे ढकलू शकते, म्हणून डॉक्टर आधी घराण्याचा इतिहास विचारतात.

इतर वाचकांसाठी थोडं स्पष्ट करते, कारण इथे फार गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध तेच लिहिणार. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, म्हणजे आरसीआयकडे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आहे. "वेलनेस कोच" ही पाटी मात्र आज कुणीही दारावर लावू शकतं, परवाना विचारणारं कुणी नाही. म्हणून कोचने स्वतःच रेघ ओढून घ्यावी लागते. निदान करायचं नाही, गोळ्यांबद्दल मत द्यायचं नाही, जुने आघात उकरायचे नाहीत.

पण रेघेच्या अलीकडेही काम भरपूर आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. हे सगळं डॉक्टरांनीच पेलायचं म्हटलं तर कसं व्हायचं? झोपेची नोंद ठेवणं, गोळी वेळेवर घेतली का बघणं, पुढच्या तारखेला पेशंट येईल असं पाहणं, यासाठी माझ्याकडे वेळ नसतो. कोणी ते नीट करत असेल तर मला ती व्यक्ती हवी आहे.

गोदाकाठ | २२ सप्टेंबर, दुपारी १:१५

@स्पष्टवक्ता, राग अजिबात नाही. तासाला सहाशे घेते. दर आठवड्याला दोन जागा बिनपैशाच्या ठेवते. फीतले काही पैसे मानसशास्त्रज्ञांच्या त्या दर महिन्याच्या देखरेखीला जातात. सुरुवातीला काहीच घेत नव्हते. तेव्हा लोक रात्री साडेअकराला फोन करायचे आणि मी उचलायचे, आणि तीन महिन्यांत माझी पहाट परत तीनवर आली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा वाढवली. काकूंना सांभाळायची मी एकटी होते, माझ्याकडे चौदा जण आहेत.

@क्लिनिकल, रेघेबद्दल लिहिलंत ते छापून माझ्या टेबलावर लावते.

@सिडकोची_पोर, विपू बघा.

पस्तीस_हजार | २२ सप्टेंबर, रात्री ९:३०

या विषयाची दुसरी बाजूही यायला हवी. मागच्या वर्षी मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलात दोन दिवसांची कार्यशाळा केली. नाव देत नाही. फी पस्तीस हजार. स्टेजवरच्या माणसाने स्वतःच्या नैराश्याची कथा इतकी रंगवून सांगितली की हॉलभर हुंदके. मग म्हणाला, दुःख ही तुमची निवड आहे, आज रात्री ठरवा की उद्यापासून आनंदी राहायचं. मी दहा वर्षं चिंतेच्या विकाराशी झगडतेय. त्या रात्री ठरवलं. सकाळी छातीत धडधडत उठले तेव्हा वाटलं, आता हेही माझ्याच्याने ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, वर लिहिलं होतं "सर्टिफाइड कोच". मी! मला धड रिक्षात एकटं बसता येत नव्हतं.

माझ्याबरोबरच्या दोघांनी त्या प्रमाणपत्रावर आज क्लास काढलेत. म्हणून गोदाकाठताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आहे की हो, करावं, पण बरं होऊन मध्ये काही वर्षं जाऊ द्यावीत. आणि सांगायची गोष्ट लोकांना रडवण्यासाठी नसावी.

गोदाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री १०:०५

"बरं होऊन काही वर्षं" हे अगदी शंभर टक्के. माझी दोनच झाली होती, आणि ती कमी पडली असं आज वाटतं. तुमची धडधड सध्या कोण बघतंय? डॉक्टर आहेत ना?

पस्तीस_हजार | २२ सप्टेंबर, रात्री १०:२०

आहेत. सहा महिन्यांपासून. परवा रिक्षाने एकटी शालिमारला जाऊन आले, चादरी आणल्या.

पेठचा_मास्तर | २३ सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

उशिरा येतोय, आमच्याकडे रेंजची बोंब. हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात एकदा हाताळला गेलाय हे शहरातल्या मंडळींना फारसं माहीत नाही. २०१३ च्या सुमारास आमच्या पेठ तालुक्यात "आत्मीयता" नावाचा प्रकल्प झाला, ४१ गावांत. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचं काम होतं. त्यांनी बाहेरून समुपदेशक आणले नाहीत. गावातल्याच माणसांना तयार केलं, ज्यांच्या ओट्यावर लोक तसेही येऊन बसतात अशांना. काही नुसते "मित्र", म्हणजे कुणाचं बिनसलंय ते ओळखणारे. काही "चॅम्पियन", जे चार-सहा वेळा बसून ऐकायचे, छोटी छोटी कामं ठरवून द्यायचे, आणि गाडं पुढे सरकत नसेल तर दवाखान्यापर्यंत पोहोचवायचे. मोबाइलवर आपल्या बोलीतल्या छोट्या फिल्मा दाखवायचे. पुढे हेच काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेलं.

कोच हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण तुम्ही तुमच्या काकूंचं जे सांगितलं ते वाचताना मला तेच आठवलं. आणि एक सांगतो, लोकांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नात मनाचं काही नसायचं. रेशन कार्ड, निराधार पेन्शन, दारू पिणारा नवरा. ते सुटल्यावरच झोपेचं बोलणं निघायचं.

गोदाकाठ | २३ सप्टेंबर, रात्री ८:३०

मास्तर, हे मला माहीत नव्हतं, आणि मी नाशिकची! माझ्याकडे येणाऱ्यांचे पहिले प्रश्नही असेच असतात: होम लोनचा हप्ता, सासू, शिफ्ट. मी ते बाजूला सारून "तुमच्या झोपेबद्दल बोलू" म्हणत होते. आता नाही म्हणणार.

निफाडी | २४ सप्टेंबर, पहाटे ४:५०

इथं नेहमी वाचतो, लिहितो क्वचित. आमचा बारका भाऊ, वय चौतीस. मागच्या हंगामात अवकाळीनं आणि डावणी रोगानं द्राक्षबाग गेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. दोन महिने झाले, बाजेवरून उठत नाही. बायको-पोरांशी बोलत नाही. जेवला तर जेवला. भगताकडं नेऊन आणला, काही फरक नाही. छाटणी तोंडावर आली, आणि जो माणूस वेलीवरचे डोळे (कोंब) बघून काडी ओळखायचा तो बागेकडं तोंड करत नाही. ताई, तुम्ही त्याच्याशी फोनवर बोलाल का? फी देतो.

गोदाकाठ | २४ सप्टेंबर, सकाळी ६:०५

दादा, आत्ताच वाचलं. माझी पाळी नंतर, आधी डॉक्टर. दोन महिने अंथरूण धरलंय म्हणजे हे कोचचं काम नाही. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, खासगीत जायचं तर मी विपूत कळवते. तो यायला तयार नसेल तर आजच १४४१६ ला फोन करा, टेली मानस, सरकारची सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

आणि एक, आज सकाळीच करा. फवारणीच्या औषधांची खोली आहे ना? कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या अंगावर ठेवा.

क्लिनिकल | २४ सप्टेंबर, सकाळी ७:२०

किल्लीबद्दल गोदाकाठ म्हणतायत ते सगळ्यात आधी. आणि दादा, भावाजवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का रे?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, ही भीती मनातून काढून टाका. उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एक मिनिट एकटं सोडू नका आणि थेट दवाखाना. पैशाची काळजी असेल तर, तुमची आरोग्य विमा पॉलिसी असल्यास कागद काढून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला इतर आजारांसारखंच धरायचं असतं.

निफाडी | २४ सप्टेंबर, रात्री ११:४०

विचारलं. हो म्हणाला. रडला, मीपण. नाशिकला आहोत. नंतर लिहितो.

सिडकोची_पोर | २५ सप्टेंबर, सकाळी ७:००

दादा, आम्ही सगळे वाट बघतोय.

स्पष्टवक्ता | २५ सप्टेंबर, सकाळी ९:१५

गोदाकाठ, माझा "धंदा" शब्द मागे घेतो. तुम्ही आलेली फी घेतली नाही, डॉक्टरांकडे पाठवलंत. निफाडीभाऊ, मी नाशिकरोडला राहतो. दवाखान्यात डबा हवा असेल तर विपू करा, दोन्ही वेळचा आणतो.

निफाडी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:१०

मंडळी, उशीर झाला. भाऊ सात दिवस दाखल होता. स्पष्टवक्तेसाहेबांनी खरंच डबा आणला, सातही दिवस. घरी येऊन बारा दिवस झाले. गोळ्या चालू आहेत, पुढची तारीख सोमवारी. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ताई आठवड्यातून दोनदा फोन करतात त्याला. काय बोलतात ठाऊक नाही, पाच-दहा मिनिटंच असतं. फोन झाला की बांधापर्यंत जाऊन येतो. पहिल्या दिवशी विहिरीपर्यंतच गेला होता.

आजपासून छाटणी धरली. मी त्याला चल म्हटलं नाही, कात्री नुसती ओट्यावर ठेवली. दहाच्या सुमाराला आला. ओळीतल्या अठरा वेली केल्या आणि बसला. मी मोजल्या नव्हत्या, त्यानंच सांगितलं, अठरा झाल्या. मी म्हटलं, उद्या अठराच कर.

छाटणीमागं लगोलग पेस्ट असते (डोळे फुटायला लावायचं विषारी औषध), ती मी आणि गडी लावतो, त्याला त्यात घेतलेलं नाही. किल्ली अजून माझ्याच करदोट्याला आहे.